अहवालावरची सही

आपल्या धाराशिव जिल्ह्यात ‘एक्स-रे’ हा शब्द खेड्यांत फारसा कोणी उच्चारीत नाही. ‘छातीचा फोटो काढला’, ‘पायाचा फोटो काढला’ असेच आपण म्हणतो. शब्द सोपा आहे, पण त्यात थोडी फसगत आहे. लग्नातला फोटो हाती पडला की काम संपले. नवरा कोण, नवरी कोण, करवली कोण हे कोणालाही दिसते. छातीच्या फोटोचे तसे नाही. तो हाती पडला तरी काम निम्मेच झालेले असते. तो वाचावा लागतो आणि वाचून जे दिसले ते शब्दांत मांडावे लागते. त्या लिखाणाला अहवाल म्हणतात, म्हणजे आपला ‘रिपोर्ट’. ‘फोटो कालच निघाला, पण रिपोर्ट अजून यायचाय,’ हे वाक्य दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसांच्या तोंडून आपण अनेकदा ऐकतो. हा उशीर कमी व्हावा म्हणून आता एक नवे साधन पुढे आले आहे. फोटो पाहून अहवालाचा कच्चा मसुदा यंत्राने लिहावा आणि डॉक्टराने तो तपासून, दुरुस्त करून सही करावी, असे ते साधन. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात; वर्तमानपत्रांत त्याचे ‘एआय’ असे नाव आपण वाचतो. त्याचा उपयोग किती, धोका कोठे, आणि आपण गावकऱ्यांनी व शिक्षकांनी त्याबाबत काय ध्यानात ठेवावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम अहवाल म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. अहवाल म्हणजे एका डॉक्टराने दुसऱ्या डॉक्टरास लिहिलेले पत्र. लिहिणारा असतो रेडिओलॉजिस्ट, म्हणजे फोटो वाचण्यात तयार झालेला डॉक्टर. त्याने पुष्कळदा रोगी पाहिलेलाच नसतो; त्याच्यापुढे असते ते फक्त चित्र. ज्याला पत्र जाते त्या डॉक्टराने रोगी पाहिलेला असतो, त्याची नाडी पाहिलेली असते, खोकला ऐकलेला असतो. पण आतले काही पाहिलेले नसते. या दोघांची गाठ त्या कागदावर पडते. म्हणूनच पुष्कळ अहवालांच्या शेवटी इंग्रजीत एक वाक्य असते, ‘कोरिलेट क्लिनिकली’. त्याचा अर्थ इतकाच, की मी चित्रात हे पाहिले, आता तुम्ही रोग्याकडे पाहून ते ताडून घ्या. त्या चार ओळींवर शस्त्रक्रिया करायची की नाही, क्षयाची औषधे सुरू करायची की नाही, सोलापूर-पुण्याला पाठवायचे की घरी, हे ठरते. अहवालाचे महत्त्व ते एवढे.

हे शास्त्र काही फार जुने नाही. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग गावी राँटजेन या शास्त्रज्ञाला एक अनोळखी किरण सापडला. अनोळखी म्हणून त्याने त्याला ‘एक्स’ म्हटले. मराठीत आपण ‘क्ष-किरण’ म्हणू लागलो. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, आणि त्यात हाडे व बोटातली अंगठी स्पष्ट दिसली. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. त्या काळी चित्र एक आणि पाहणाराही एक, असा हिशेब होता. पुढे इंग्लंडात हौन्सफील्ड नावाच्या अभियंत्याने क्ष-किरण आणि गणकयंत्र यांची सांगड घालून सीटी स्कॅन तयार केला. तो ज्या कंपनीत नोकरी करीत होता ती ग्रामोफोनच्या तबकड्या काढणारी म्हणून जगभर ठाऊक होती, ही रेडिओच्या श्रोत्यांना गंमत वाटेल. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रोग्याचा मेंदू त्या यंत्राने पाहिला. तेव्हापासून एका रोग्याची चित्रे एकावरून शेकड्यांवर गेली. कांदा चिरावा तसे शरीराचे पातळ काप दिसू लागले. चित्रे वाढली, त्या प्रमाणात वाचणारे डोळे मात्र वाढले नाहीत. आजच्या अडचणीचे मूळ येथे आहे.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे आपले आठ तालुके. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांवर भरली. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील मागे पडलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणून यादी केली, तीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आले: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि आपला, तेव्हाचा उस्मानाबाद. आता जिल्ह्याच्या गावी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, ही समाधानाची गोष्ट. पण यंत्र आणि माणूस यांत एक फरक आहे. पैसे मोजले की यंत्र विकत घेता येते. फोटो वाचणारा डॉक्टर मात्र साडेपाच वर्षे एमबीबीएस आणि त्यावर तीन वर्षे एमडी, इतके शिकल्याशिवाय तयार होत नाही. आणि तयार झाल्यावर तो तालुक्याच्या गावी राहीलच असेही नाही. साऱ्या देशात असे डॉक्टर वीस हजारांच्या आसपास आहेत असे सांगतात, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या शहरांत बसतात. मग खेड्यातला फोटो एक तर तसाच पडून राहतो, नाहीतर ज्याचे ते काम नाही अशा डॉक्टराला तो घाईत वाचावा लागतो.

यावर एक तोड पूर्वीच निघाली आहे. चित्र तारेवरून दूर पाठवायचे आणि दूरच्या डॉक्टराने ते वाचायचे. २००२ साली बंगळूरला डॉ. अर्जुन कल्याणपूर यांनी अशी संस्था उभी केली. अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस असतो; तेथील रुग्णालयांची रात्रीची चित्रे बंगळूरला बसून वाचली जाऊ लागली. म्हणजे सातासमुद्रापलीकडचा फोटो येथे वाचता येत असेल, तर भूमचा फोटो पुण्यात वाचायला हरकत नाही. ही सोय चांगलीच आहे. पण दूर बसलेला झाला तरी तोही माणूसच. दिवसाला तो किती चित्रे वाचील, याला मर्यादा आहे. शेवटचा फोटो वाचताना डोळे थकलेले असतात. म्हणून त्याच्या हाताखाली एक मदतनीस द्यावा, अशी कल्पना निघाली.

आता हा मदतनीस शिकतो कसा? एखाद्या हुशार पोरास आपण बैलबाजारात वर्षभर हिंडवले, प्रत्येक जनावर दाखवले आणि जाणत्याने त्याविषयी काय म्हटले तेही ऐकवले, तर पुढे ते पोर नवे जनावर पाहून अंदाज सांगू लागते. दात का पाहतात, खांदा का चाचपतात हे त्याला कोणी शिकवलेले नसते; पाहून पाहून त्याची नजर बसते. यंत्राचे तसेच आहे. लाखो फोटो आणि त्या प्रत्येकाचा डॉक्टराने लिहिलेला अहवाल अशा जोड्या त्याला दाखवतात. कोणत्या ठिपक्याबरोबर कोणते शब्द येतात, याचे मोजमाप ते करून ठेवते. मग नवा फोटो पुढे आला, की त्या मोजमापावरून शब्द जुळवते. त्याला छाती दुखणे म्हणजे काय हे ठाऊक नाही आणि दम लागणे म्हणजे काय हेही नाही. त्याला ठाऊक आहे ती चित्रे आणि शब्द यांची सोबत.

या मदतनिसाची कामे तीन प्रकारची आहेत. पहिले काम रांग लावण्याचे. शंभर फोटो आले, त्यांत एकाच्या फुप्फुसाभोवती हवा साचली आहे, त्याला तासाभरात मदत हवी. असा फोटो यंत्र रांगेच्या पुढे काढून ठेवते. दुसरे काम खूण करण्याचे: येथे सावली दिसते, येथे हाड चिरलेले दिसते, इकडे पाहा. तिसरे काम मसुदा लिहिण्याचे, आणि आजचा मुख्य विषय तोच.

पहिल्या दोन कामांचा अनुभव महाराष्ट्राला आहे. २०१६ साली मुंबईत ‘क्युअर डॉट एआय’ नावाची कंपनी निघाली. छातीच्या फोटोत क्षयाची चिन्हे शोधणारा तिचा कार्यक्रम आज अनेक देशांत वापरला जातो. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा साधनांविषयी महत्त्वाची शिफारस केली. पंधरा वर्षे व त्यावरील माणसांची क्षयासाठी चाळणी करताना फोटो वाचायला माणसाऐवजी यंत्र वापरले तरी चालेल, असे तिने सांगितले. पुढे ७ डिसेंबर २०२४ पासून देशातील ३४७ जिल्ह्यांत क्षय शोधण्याची शंभर दिवसांची मोहीम निघाली. तीत हातात धरून नेता येईल असे क्ष-किरण यंत्र आणि त्याच्या जोडीला ही वाचणारी बुद्धी, दोन्ही वापरण्यात आली. रोग्याने फोटोपर्यंत येण्याऐवजी फोटोच रोग्यापर्यंत जाऊ लागला. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाला, खाणीवरच्या मजुराला याचा केवढा उपयोग, हे सांगायला नको.

मात्र येथे एक गोष्ट लक्षात घ्या. चाळणीत यंत्राला एकट्याने वाचू दिले, कारण त्याच्या पाठीमागे दुसरा पहारेकरी उभा आहे. यंत्राने ‘क्षयाचा संशय’ म्हटले, म्हणून कोणालाही लगेच औषधे देत नाहीत. बेडका तपासतात, त्यात जंतू सापडतात का ते पाहतात. यंत्र चुकले तर ती चूक पुढच्या दारात पकडली जाते. पूर्ण अहवालाच्या मसुद्यामागे असा दुसरा पहारेकरी कोण? सही करणारा डॉक्टर. दुसरे कोणी नाही.

मसुद्याने वेळ वाचतो का? वाचतो. अमेरिकेत शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न या रुग्णालय-समूहात याची पाहणी झाली आणि ती २०२५ साली प्रसिद्ध झाली. सुमारे २४ हजार फोटोंचे अहवाल त्यात धरले होते. निम्मे यंत्राच्या मसुद्यावरून लिहिलेले, निम्मे नेहमीच्या रीतीने. एका अहवालाला लागणारा वेळ सरासरी १८९ सेकंदांवरून १६० सेकंदांच्या आसपास आला, म्हणजे शेकडा साडेपंधरा बचत झाली. आणि अहवालाच्या अचूकपणात उणेपणा आला नाही. एका फोटोमागे अर्धे मिनिट, हे ऐकून कोणी हसेल. पण शंभर फोटोंमागे ते पाऊण तासावर जाते. त्या पाऊण तासात डॉक्टर अवघड फोटोकडे दोनदा पाहू शकतो, किंवा फोन उचलून तालुक्याच्या डॉक्टराशी बोलू शकतो. मसुद्याचे आणखी काही बारीक फायदेही आहेत. वर ‘डावा’ आणि खाली ‘उजवा’ असे लिहिले गेले, तर यंत्र हटकते. एखादा भाग पाहायचा राहिला तर आठवण देते. तोंडी सांगितलेले ते टिपून घेते.

पण, श्रोतेहो, हा मदतनीस फार गोड बोलतो, आणि भीती तेथेच आहे. गडबडलेल्या माणसाचे अक्षर वाकडे होते, वाक्य अडखळते. ते पाहून आपण सावध होतो. यंत्र चुकते तेव्हाही त्याचे वाक्य तितकेच स्वच्छ असते. याचे एक नमुनेदार उदाहरण आहे. डॉक्टरांच्या अहवालांत पुष्कळदा ‘पूर्वीच्या फोटोशी तुलना करता बदल नाही’ असे वाक्य असते. यंत्राने असे हजारो अहवाल वाचलेले असतात. म्हणून रोग्याचा पहिलाच फोटो असला, पूर्वीचा फोटो यंत्राला दाखवलेलाच नसला, तरी ते हे वाक्य लिहून जाते. अभ्यासकांना हा दोष वारंवार आढळला आहे. यंत्र खोटे बोलत नाही, कारण खरे-खोटे त्याला कळतच नाही. या जागी असे वाक्य येते, एवढेच त्याला माहीत. गाईड पाठ केलेला विद्यार्थी प्रश्न अर्धा वाचून ठरलेले उत्तर लिहितो, त्यातलाच हा प्रकार. शिक्षक बंधुभगिनींना तो चांगला परिचित आहे.

दुसरा दोष असा, की यंत्र भलत्याच गोष्टीवरून अंदाज बांधते. २०१८ साली अमेरिकेत एक तपासणी झाली. न्यूमोनिया ओळखायला शिकवलेले यंत्र ज्या रुग्णालयांच्या फोटोंवर शिकले तेथे चांगले चालले, पण बहुतेक वेळा बाहेरच्या रुग्णालयाचे फोटो दिल्यावर ते घसरले. शोध घेता असे दिसले, की फोटो कोणत्या रुग्णालयाचा हे यंत्राला ओळखता येत होते. फोटोच्या कडेला असलेली धातूची खूणचिठ्ठी त्याच्या उपयोगी पडत होती. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रोगी जास्त, म्हणून तेथला फोटो दिसला की यंत्राचे माप रोगाकडे झुकत होते. बैल न पाहता विकणाऱ्याचा फेटा पाहून किंमत सांगणाऱ्या दलालासारखे हे झाले. आता विचार करा. परदेशातल्या, धष्टपुष्ट माणसांच्या, भारी यंत्रांवर काढलेल्या फोटोंवर जे शिकले, ते आपल्याकडच्या जुन्या यंत्रावर काढलेला, कष्टकरी माणसाच्या छातीचा, थोडा हललेला फोटो तितकाच नीट वाचील का? वाचीलही, पण ते पाहिल्याशिवाय गृहीत धरता येणार नाही.

तिसरा दोष यंत्राचा नव्हे, माणसाचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. २०२३ साली जर्मनीत २७ रेडिओलॉजिस्टांपुढे स्तनांचे फोटो ठेवले आणि प्रत्येकाबरोबर ‘यंत्राचे मत’ म्हणून एक शिफारस दिली. त्यांतल्या काही शिफारशी मुद्दाम चुकीच्या होत्या. शिफारस बरोबर होती तेव्हा नवशिक्या डॉक्टरांची उत्तरे शंभरांत सुमारे ८० बरोबर आली. शिफारस चुकीची होती तेव्हा ती २० वर आली. मुरलेल्या डॉक्टरांची ८२ वरून ४५ वर आली. डोळे तेच, विद्या तीच; कोणीतरी आधी सांगितले म्हणून नजर वाहून गेली. वर्गातल्या मॉनिटरने वहीवर आधीच बरोबरची खूण केली असली, म्हणजे गुरुजींची नजर त्या गणितावरून कशी घसरते, ते आठवा. म्हणून मसुदा जितका सुबक, तितका तपासणारा जास्त जागा हवा.

खेड्यात याला एक चांगला दाखला आहे. जमिनीचा व्यवहार झाला म्हणजे तलाठी फेरफाराची नोंद घेतो. पण नोंद लिहिली म्हणजे काम पुरे झाले असे नाही. हरकतीसाठी नोटीस निघते, मुदत जाते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. तोवर ती कच्चीच. उद्या वाद निघाला तर ‘मला तलाठ्याने लिहून दिले’ म्हणून प्रमाणित करणाऱ्याला अंग काढून घेता येत नाही. यंत्राचा मसुदा ही कच्ची नोंद आहे. सही हे प्रमाणपत्र आहे. आणि जो न वाचता सही करील, त्याने वेळ वाचवला नाही. रोग्याचा विश्वास खर्च केला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली आरोग्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी नीतिनियम प्रसिद्ध केले. त्यांतही माणसाची देखरेख आणि जबाबदारी या गोष्टींवर भर आहे.

मग असे नवे साधन चांगले की वाईट, हे ठरवायचे कसे? याचे उत्तर शोधायला परदेशी जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्याने ते जगाला दाखवले आहे. ही हकीकत आपल्या मुलांना ठाऊक असावी, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो.

शेजारी बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने तेथे ग्रामीण भागातील देशातली पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांत कोणाला कर्करोग झाला, तो कोणत्या जागी, पुढे काय झाले, याची गावोगाव जाऊन नोंद होऊ लागली. त्या अनुभवावर १९९९ च्या अखेरीपासून आपल्या जिल्ह्यात एक मोठा अभ्यास झाला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर ओळखण्याच्या तीन पद्धती होत्या. खेड्यांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्या तसे ते चार भागांत वाटले. तीन भागांत एकेक पद्धत, चौथ्या भागात नेहमीची सेवा. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. शेतातले काम टाकून, लाज बाजूला सारून, शेजारणीला बरोबर घेऊन त्या तपासणीला आल्या.

आठ वर्षांनी हिशेब मांडला. तो २००९ साली अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिन्ही पद्धती कागदावर शहाणपणाच्याच होत्या. पण विषाणूची तपासणी ज्या गटात एकदाच झाली होती, त्याच गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चौथ्या गटात ६४ स्त्रिया दगावल्या, विषाणू-तपासणीच्या गटात ३४. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यू कमी झाले, असे निश्चितपणे म्हणता आले नाही. या चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे न्यायाचे होते का, यावर पुढे मोठा वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते. माणसांवर प्रयोग करणाऱ्याला असे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण त्या स्त्रियांनी दिलेल्या पुराव्यावर पुढे अनेक देशांनी आपले धोरण आखले.

यातून आपण काय घ्यावे? तपासण्या किती झाल्या, हा हिशेब त्या अभ्यासाने शेवटचा मानला नाही. बाया किती वाचल्या, हा मानला. हीच मोजपट्टी यंत्राच्या अहवालाला लावायची. ‘आमच्या यंत्राने अहवाल दुप्पट वेगाने होतात,’ असे कोणी सांगितले, तर विचारावे: बरे झाले, पण परंड्याच्या माणसाला औषध किती दिवस आधी मिळाले? किती रोगी सुटून गेले? किती जणांना नसलेला रोग लिहिला गेला आणि त्यांची सोलापूरची फेरी फुकट गेली? हे सगळे आपल्या भागातल्या फोटोंवर तपासले का? अहवाल लवकर आला आणि पुढे इलाज करणारे कोणी नसले, तर तो कागद पिशवीतच राहायचा.

आता आपल्या हाती काय आहे, ते चार शब्दांत सांगतो. फोटो काढायला जाताना जुने फोटो आणि जुने अहवाल बरोबर न्यावे. यंत्र असो की माणूस, तुलनेला खरा जुना फोटो मिळाला म्हणजे निम्मी चूक टळते. पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, अपघात, क्षयाचा उपचार, तंबाखूची सवय हे न लपवता सांगावे. आणि दिवस गेले असतील तर क्ष-किरण घेण्याआधी ते आवर्जून सांगावे. डॉक्टराने चिठ्ठीवर नुसते ‘छातीचा फोटो’ न लिहिता ‘तीन आठवडे खोकला, वजन घटले’ असे लिहावे, अशी विनंती करण्यात संकोच नको. त्या एका ओळीने वाचणाऱ्याची नजर योग्य जागी जाते. अहवाल हाती आला की नाव, वय, डावी-उजवी बाजू आणि तारीख पाहावी. खाली सही कोणाची, नाव व नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहावे. शंका आली तर ‘हा फोटो कोणत्या डॉक्टरांनी पाहिला?’ असे नम्रपणे विचारावे. तो आपला हक्क आहे.

अलीकडे फोटोचाच मोबाइलवर फोटो घेऊन एखाद्या बोलत्या यंत्राला ‘यात काय आहे?’ असे विचारण्याची टूम निघाली आहे. त्यावर विसंबून औषध सुरू करू नये आणि चालू औषध बंदही करू नये. आपले नाव-गाव असलेला अहवाल कोणाच्याही हाती देताना विचार करावा; माणसाच्या माहितीचे रक्षण व्हावे म्हणून २०२३ साली देशात कायदा झाला आहे. सोनोग्राफीच्या बाबतीत तर १९९४ चा कायदा स्पष्ट आहे. गर्भ मुलाचा की मुलीचा हे डॉक्टराने सांगायचे नाही, आणि यंत्र मध्ये आले म्हणून त्यात काडीचाही फरक पडत नाही.

शिक्षक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. गावात इंग्रजी अहवाल वाचून दाखवायला पुष्कळदा तुमच्याकडेच येतात. तेव्हा शब्दांचा अर्थ जरूर सांगा. ‘नॉर्मल’ म्हणजे या चित्रात दोष दिसला नाही. माणसाला काहीच झालेले नाही असा त्याचा अर्थ होत नाही. ‘ओपॅसिटी’ म्हणजे पांढरट डाग. तो क्षयाचा असेल, साध्या जंतूंचा असेल, जुन्या व्रणाचाही असेल. एवढे सांगून त्या माणसाला डॉक्टराकडे धाडा. आणि वरच्या वर्गातल्या मुलांना आपल्या जिल्ह्यातला तो एक लाख एकतीस हजार स्त्रियांचा अभ्यास गणिताच्या तासाला शिकवा. ६४ आणि ३४ या दोन आकड्यांतून पुराव्याची जी किंमत त्यांना कळेल, ती नुसत्या व्याख्येतून कळायची नाही.

२०१६ साली या विद्येतले एक मोठे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन म्हणाले होते, की आता नवे रेडिओलॉजिस्ट शिकवणे थांबवावे. पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. यंत्रे पुष्कळ सुधारली, हे खरे. पण आजही ते डॉक्टर जगभर कमीच पडतात आणि त्यांची मागणी वाढतेच आहे. कारण फोटो वाचणे हा त्यांच्या कामाचा एक भाग. शंका आली तर पुन्हा फोटो मागणे, दुसऱ्या डॉक्टराला फोन करणे, ‘मला नक्की सांगता येत नाही’ असे लिहिण्याचे धैर्य दाखवणे, आणि लिहिल्यावर त्यामागे उभे राहणे, हा दुसरा भाग. मसुदा यंत्राने खुशाल लिहावा. आपल्यासारख्या जिल्ह्याला त्याची गरजही आहे. त्याखालची सही मात्र अशा माणसाची असावी, ज्याने फोटो स्वतः पाहिला आहे आणि ज्याला आपण जाऊन जाब विचारू शकतो. एवढा आग्रह आपण धरला, तर हे नवे साधन आपल्या कामी येईल.